ज्याला गावानं वाचलं, त्याचं मुखपृष्ठ गेलं

मलकापूरच्या फलाटावर उतरा. साल १९६८, मार्च महिना. ऊन आताच चटके द्यायला लागलंय. मुंबईकडून आलेली गाडी नागपूरच्या दिशेनं निघून गेली आणि पार्सलच्या डब्यातून काढलेल्या ढिगात गोणपाटात शिवलेला, सुतळीनं आवळलेला एक गठ्ठा पडला आहे. वर निळ्या शाईत पत्ता: वाचनालय, बुलढाणा. त्याच्यावर नजर ठेवा. तो हलला की तुम्हीही हला.

हमालाच्या डोक्यावरून गठ्ठा एसटीच्या टपावर जातो. मोताळा मागे पडतं, राजूरचा घाट लागतो आणि लाल गाडी पहिल्या गिअरात कण्हत वर चढू लागते. घाटाखालची काळीभोर कपाशीची जमीन खाली राहते. घाटावर आलात की वारा बदलतो. जिल्ह्याचं ठाणं इंग्रजांनी इथं आणलं ते या हवेसाठीच, असं जुनी माणसं सांगतात. गठ्ठ्यातल्या पुस्तकांनाही ही हवा मानवते. खाली खामगाव-मलकापुरात मे महिन्यात पुठ्ठे वाकडे होतात, इथं त्या मानानं सरळ राहतात.

बुलढाण्यात वाचनालय कुठं म्हणून विचारलंत तर गर्दे वाचनालयाचं नाव कुणीही सांगेल. पण तुम्हाला मी ज्या दोन खोल्यांत नेतो आहे त्या एकाच वाचनालयाच्या नाहीत. थोडं चिखलीचं, थोडं मेहकरचं, थोडं खामगावचं असं मिळून हे वाचनालय झालेलं आहे. वर कवेलूचं छप्पर. भिंतीशी उतरत्या फळीवर नागपूरचा ‘तरुण भारत’ आणि अकोल्याची ‘मातृभूमी’ पट्टीत अडकवलेली. आतल्या खोलीत जाळीच्या दारांची लाकडी कपाटं, डांबराच्या गोळ्यांचा वास. टेबलापाशी ग्रंथपाल. सगळे त्यांना भाऊ म्हणतात, तुम्हीही म्हणा.

भाऊ ब्लेडनं गोणपाटाची शिवण उसवतात. वर्तमानपत्रांचे कागद बाजूला होतात आणि शाईचा, सरसाचा, नव्या कागदाचा वास एकदम खोलीभर होतो. पुस्तकं एकेक करून टेबलावर येतात. आता हात लावू नका, फक्त बघा. एवढ्यासाठीच तुम्हाला इथवर आणलं.

शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ आहे त्यात. गेल्याच वर्षी, १९६७ साली, पुण्याच्या कॉन्टिनेंटलनं काढलेलं. जाडजूड, दोन्ही हातांनी उचलावं असं. मुखपृष्ठ दीनानाथ दलालांचं. आर्ट पेपरवर छापलेलं, पुठ्ठ्याच्या बांधणीवर सैल बसवलेलं, कडा अजून धारदार. भाऊंच्या खणात भिंग आहे, ते मागून घ्या आणि चित्राच्या एखाद्या कोपऱ्यावर धरा. रंग नाहीसा होतो. उरतात ठिपके. पिवळे, तांबडे, निळे, कुठं दाट, कुठं विरळ, एकमेकांना खेटून बसलेले. चित्रकारानं कागदावर रंगवलेलं चित्र ब्लॉकमेकरकडे जातं. तिथं वेगवेगळ्या रंगांच्या काचांमधून त्याचे फोटो घेतले जातात. त्यावरून रंगागणिक धातूचा एक ब्लॉक कोरून निघतो. मग तोच कागद मशीनखालून पुन्हा पुन्हा जातो, दर खेपेला एक रंग घेऊन. एखादा ब्लॉक केसभर सरकला की ओठांचा रंग ओठांबाहेर जातो. भिंग सरकवत कडेला या. तिथं निळ्याची बारीक रेघ बाकीच्या रंगांच्या बाहेर डोकावताना दिसली, तर मशीनवरच्या माणसाचा हात त्या क्षणी कुठं होता ते तुम्हाला कळलं.

रंग वाढला की खर्च वाढायचा. म्हणून प्रकाशक पुष्कळदा दोनच रंगांत भागवा म्हणत. त्या काळच्या चांगल्या मुखपृष्ठकारांची ताकद मला सगळ्यात जास्त या दोन रंगांच्या कामात दिसते. कोऱ्या कागदाचा पांढरा तिसरा रंग म्हणून वापरायचा. एका रंगावर दुसरा चढवून गडद छटा काढायची. अक्षरांची जागा चित्र काढतानाच सोडायची, म्हणजे नाव वर डकवल्यासारखं दिसत नाही. दलाल गोव्यात १९१६ साली जन्मले, मुंबईत शिकले, १९४५ मध्ये त्यांनी स्वतःचा ‘दीपावली’ वार्षिक सुरू केला आणि मराठी पुस्तकांची मुखपृष्ठं करत राहिले. रघुवीर मुळगांवकर दोन वर्षांनी धाकटे, तेही गोव्याचेच. त्यांचे देव तुम्ही घराघरांतल्या कॅलेंडरांवर पाहिलेत. मऊ प्रकाश, गुळगुळीत कांती, डोळ्यांत पाणी तरळल्याचा भास. भाऊंच्या टेबलावरची पुस्तकं नुसती बाजूबाजूला ठेवलीत तरी कुठलं दलालांचं आणि कुठलं मुळगांवकरांचं ते सही न वाचता सांगता येतं. दलालांची रेष आधी बोलते, मुळगांवकरांचा उजेड आधी बोलतो.

दारात एक शाळकरी मुलगी येऊन उभी राहते. दोन वेण्या, हातात परत करायचं पुस्तक. तिची नजर टेबलावरून हलत नाही.

“भाऊ, हे नेऊ का?”

“नंबर लावा लागते, बाई. आधी शिक्के मारू दे. आठ दिवस टेबलावरच राहीन हे.”

“मंग पाहू तं द्या.”

भाऊ देतात. ती पुस्तक उघडत नाही. मुखपृष्ठ बघते, पाठ उलटून बघते, पुन्हा मुखपृष्ठ बघते. तिच्याकडे नीट लक्ष द्या. या गावात चित्रं बघायला जावं असं ठिकाण नाही. देवादिकांच्या तसबिरी, सिनेमाच्या भिंतीवरचे पोस्टर आणि दुकानदारांनी वाटलेली कॅलेंडरं, एवढंच. शिकलेल्या चित्रकारानं एखादी गोष्ट वाचून, तिचा विचार करून काढलेलं चित्र या मुलीच्या हाताला लागतं ते वाचनालयाच्या टेबलावर. वऱ्हाडातल्या कितीतरी गावांचं चित्रदालन हेच होतं. त्याला भिंती नव्हत्या आणि तिथली चित्रं लोक वर्गणीच्या कार्डावर घरी घेऊन जात.

भाऊ दाखल नोंदवहीत क्रमांक घालतात, शीर्षकपानावर शिक्का मारतात, आतल्या एका ठरलेल्या पानावर आणखी एक. ते पान कुठलं ते वाचनालयाबाहेर कुणाला सांगायचं नसतं, चोरीचं पुस्तक त्यावरून ओळखतात. शेवटी मागच्या पुठ्ठ्याच्या आत तारखांची कोरी पट्टी चिकटवली जाते.

ती पट्टी लक्षात ठेवा आणि तीन वर्षं पुढं चला.

१९७१. जानेवारीत दलाल गेले. पट्टीवर आता जागा उरलेली नाही, तिच्यावर दुसरी चिकटवली आहे, तीही भरत आली आहे. पुस्तक मेहुण्याकडून मेव्हणीकडे, शिक्षकांकडून तहसीलच्या कारकुनाकडे, शेतावरच्या खोपीत, एसटीत, बाळंतिणीच्या उशाशी जाऊन आलंय. मुखपृष्ठाची वरची कड झिजून मऊ पडली. मग तिथं फाटलं, फाटल्यावर कुणी पोस्टाच्या तिकिटांची डिंकाची पट्टी लावली, कुणी खाकी कागदाचं वेष्टण घातलं. मग कणा उकलला. पहिला फर्मा, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांचा जुडगा, लोंबायला लागला. भाऊंनी पुस्तक बाजूच्या ढिगावर ठेवलं, बांधणीच्या.

आता बाइंडरच्या दुकानात या. बाजारातल्या बोळात दहा बाय आठची खोली, पुढं फळी, मागं लोखंडी शिकंजा. बाइंडर मांडी घालून बसलाय. त्याच्या शेजारी बसा आणि त्याचे हात बघा. पहिल्यांदा तो मुखपृष्ठ काढतो. एका ओढीत. तुमच्या तोंडून हुंकार निघाला तरी त्याला तो कळत नाही. त्याच्या लेखी तो फाटका कागद आहे. मग जुने पुठ्ठे सुटतात, कण्यावरचा वाळलेला सरस तो सुरीच्या पाठीनं खरवडतो. एकेक फर्मा वेगळा होतो. दुमडीत फाटलेल्या पानांना पातळ कागदाच्या पट्ट्या लागतात. सगळे फर्मे पुन्हा रचून, सुई दुमडीतून आतबाहेर नेत, दोऱ्यावर दोरा घेत जुजबंदी चालू होते. ही शिलाई सावकाश होते, पण असं शिवलेलं पुस्तक पूर्ण उघडतं, कुठलंही पान सपाट बसतं आणि एकही अक्षर कण्यात गडप होत नाही.

खळ मैद्याची, तिच्यात चिमूटभर मोरचूद, कसर लागू नये म्हणून. आता कण्याला मजबुतीसाठी अस्तर हवं. बाइंडर हाताशी असलेल्या रद्दीतून कागद उचलतो, कण्याच्या मापाची पट्टी कापतो, खळ फिरवतो आणि चिकटवतो. ही रद्दी कसली आहे ते बघा. गेल्या महिन्यात दुसऱ्या कादंबऱ्यांवरून उतरवलेली मुखपृष्ठं. एका पुस्तकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीत जातो. मग कापड, पुठ्ठे, वरून रेक्झिन, तपकिरी किंवा निळं, जे स्वस्त मिळालं ते. रात्रभर शिकंज्यात. सकाळी भाऊ पातळ कुंचल्यानं कण्यावर पांढऱ्या रंगात लिहितात: मृत्युंजय, सावंत आणि दाखल क्रमांक.

बाइंडरवर राग धरू नका. त्यानं काय वाचवलं ते कळायला आणखी मागं, १८८२ मध्ये जावं लागेल.

बुलढाणा तेव्हा लहानसं ठाणं आहे. डेप्युटी कमिशनरच्या कचेरीतले हेडक्लार्क बापूजी हरी शिंदे यांची लेक ताराबाई इथं राहते. आदल्या वर्षी सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येच्या खटल्यात फाशीची शिक्षा झाली, आणि देशभर बायकांच्या वागणुकीवर पुरुष लिहीत सुटले. ताराबाईंनी त्यांना उत्तर लिहिलं: ‘स्त्रीपुरुषतुलना’. पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापलं, प्रती ५००, किंमत नऊ आणे. पुस्तक हातात घ्या. वजनच नाही त्याला. त्या काळी असे निबंध पातळ कागदी वेष्टणात येत. वेष्टणावर चित्र नसे. खिळ्यांतल्याच वेलबुट्टीची चौकट, आत नाव, लेखकाचं नाव, छापखाना, साल, किंमत. ती चौकट जुळाऱ्यानं एकेक फूल, एकेक पान खिळा लावून रचलेली असते आणि कोपऱ्यात दोन खिळ्यांमध्ये फट राहिली की तेवढीच रेघ तुटते. मला हे मुखपृष्ठ आवडतं. त्यात डामडौल नाही आणि काय विकायला ठेवलंय ते लपवलेलं नाही.

पण पुठ्ठा नाही, शिलाई दोन टाक्यांची. असं पुस्तक एका पावसाळ्यात कुजतं, वाळवीला एका रात्रीत पुरतं, रद्दीत कुणाच्या लक्षातही येत नाही. बुलढाण्याच्या एका बाईनं मराठीत लिहिलेला इतका धारदार निबंध जवळजवळ शतकभर लोकांच्या नजरेआड राहिला. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये तो पुन्हा छापला तेव्हा कुठं ताराबाईंचं नाव महाराष्ट्राला नव्यानं कळलं. ५०० प्रतींतल्या पाच जरी कुणी चार इतर निबंधांबरोबर एका पुठ्ठ्यात शिवून कपाटात ठेवल्या असत्या, तरी एवढा काळ जायला नको होता. बांधणी म्हणजे हे. तिला चित्रं समजत नसतील, पण ती पानं जाऊ देत नाही.

इथून पुढं पटपट या. १९०९: काशीनाथ रघुनाथ मित्र ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढतात, आणि मराठी वाचकाला दिवाळीत रंगीत मुखपृष्ठाची वाट बघायची सवय लागायला सुरुवात होते. १९२७: चिखलीचे पंढरीनाथ पाटील महात्मा फुल्यांचं चरित्र लिहितात. १९३० नंतरची सुरुवातीची वर्षं: मेहकरचे वकील ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गो. ना. जोशी गातात, तबकडी निघते आणि गाणं घराघरांत पोचतं. कवितासंग्रह मात्र १९५४ मध्ये येतो. तोवर मेहकरकरांना आपल्या वकीलसाहेबांची कविता माहीत आहे ती कानांनी, तिला मुखपृष्ठच नाही. शेगावला १९३९ च्या सुमारास दासगणू महाराज ‘गजानन विजय’ रचतात. या जिल्ह्यातल्या घरांत तो ग्रंथ देवघरात असतो, कापडात गुंडाळलेला. अंघोळ केल्याशिवाय त्याला हात लागत नाही. जिल्ह्यात सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पुस्तक असूनही त्याचा पुठ्ठा घरोघर शाबूत आहे. वाचनालयातल्या पुस्तकांच्या नशिबी असं कापड नसतं.

मासिकांच्या कपाटाशी मात्र थांबा. ‘किर्लोस्कर’, ‘सत्यकथा’, ‘स्त्री’. वर्षाचे बारा अंक एकत्र शिवून जाड खंड केलेले, कण्यावर फक्त साल. एक खंड उघडा आणि अंकांच्या मधली जागा बघा. जानेवारी संपला की थेट फेब्रुवारीचं पहिलं पान. मुखपृष्ठं नाहीत. मागच्या जाहिराती नाहीत. बांधणीची जाडी वाढते, पैसे वाढतात, म्हणून ती आधीच काढून टाकलेली. बऱ्याच वाचनालयांत हीच रीत होती. लेख सगळे शिल्लक आहेत, पण त्या महिन्यात तो अंक टेबलावर कसा दिसत होता ते त्या खंडातून आता कुणालाही कळणार नाही. याची मला पुस्तकांपेक्षा जास्त हळहळ वाटते, कारण पुस्तकाची दुसरी प्रत कुठंतरी मिळते, मासिकाच्या अंकाला तो मार्गही फारसा नसतो.

आता आजच्या कपाटांसमोर उभे राहा. १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला, अनुदान आलं, अ-ब-क-ड असे वर्ग लागले, लोखंडी घोड्यांवर पुस्तकं चढली. तुम्ही मुखपृष्ठं बघायला आला आहात. साहजिकच डोळा रंगांकडे जातो. सुभाष अवचटांचे मोकळे फटकारे, वसंत सरवट्यांची हसरी रेष, पद्मा सहस्रबुद्धे यांचं शांत, मोजकं काम, अलीकडचे रविमुकुल, चंद्रमोहन कुलकर्णी. एखादं जुनं, चकचकीत, कोरं मुखपृष्ठ सापडलं की तुम्ही हरखून ते बाहेर काढता. काढा, पण मागची तारखांची पट्टीही बघा. दोन शिक्के. तीन शिक्के. एखाद्यावर एकही नाही.

आणि मग त्या तपकिरी, निळ्या, काळ्या रेक्झिनच्या रांगेकडे वळा, जी तुम्ही ओलांडून आलात. पांढऱ्या रंगातली हातानं लिहिलेली नावं, अर्धी पुसलेली. खांडेकर, अर्नाळकरांच्या रहस्यकथा, पु. ल., सावंत. इथं पट्ट्यांवर पट्ट्या आहेत. या गावानं जी पुस्तकं मनापासून वाचली, त्यांतल्या बहुतेकांचं मुखपृष्ठ उरलेलं नाही, आणि जी फारशी उघडली नाहीत ती आजही सजून बसली आहेत. म्हणून वाचनालयात नुसती मुखपृष्ठं बघत फिरणाऱ्याला मराठी मुखपृष्ठांचा इतिहास उलटा दिसतो. लोकांच्या हातांतून फिरलेली, त्यांच्या उशाशी झोपलेली, त्यांच्या कल्पनेत माणसांचे चेहरे होऊन राहिलेली जी चित्रं, तीच कपाटातून नाहीशी झालेली आहेत.

रेक्झिनचं एक पुस्तक हातात घ्या. कण्याची वरची कड सुटली आहे. बोटानं हलकेच वाकवा, फाडू नका. आत अस्तराची पट्टी दिसेल. पुसटसा हिरवा, त्यावर भगव्याची कड, एका डोळ्याचा कोपरा आणि भुवईची अर्धी रेघ. कुठल्या पुस्तकाची, ते आता सांगता येणार नाही. पण हात ओळखीचा आहे.

हल्लीच्या पुस्तकांचं दुखणं निराळं. मुखपृष्ठ ऑफसेटवर छापलेलं, वर प्लास्टिकचा थर, ते लवकर फाटत नाही. फर्मे मात्र शिवलेले नसतात. कण्याकडून कापून गरम सरसानं चिकटवलेले असतात. दहा-पंधरा वाचकांनंतर पानं पत्त्यांसारखी सुटतात. दुमडीच नसल्यामुळं जुजबंदी करता येत नाही. मग बाइंडर कडेनं भोकं पाडून आरपार शिवतो, पुस्तक नीट उघडत नाही आणि ओळीचं पहिलं अक्षर शिलाईत जातं. पक्क्या बांधणीची, शिवलेली प्रत वाचनालयांसाठी वेगळी काढा, हे प्रकाशकांना वाचनालयांच्या संघांनी ठणकावून सांगायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. थोडी महाग पडेल, पण तीनदा बांधण्यापेक्षा स्वस्तच.

टेबलापाशी आता भाऊंच्या जागी ताई आहेत. त्यांच्यासमोर बांधणीला द्यायच्या पुस्तकांची यादी आहे आणि शेजारी पुस्तकांचा ढीग. सगळ्यात वर सदानंद देशमुखांचं ‘बारोमास’. अमडापूरच्या माणसानं इथल्याच शेतकऱ्यांवर लिहिलेली, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवलेली कादंबरी. साहजिकच खिळखिळी झालेली. तुम्ही मुखपृष्ठाबद्दल विचारता. मागं फेकत नाही नं हे?

“आधी जायचं रद्दीत,” ताई सांगतात. “आता मी फोटो काढून ठेवते, मोबाईलवर. दाखल नंबर टाकून.”

“कागद पण ठेवता येईल की. आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवला तर?”

त्या विचार करतात, पुस्तक उलटून जाडी बघतात, मुखपृष्ठाची घडी आत कितपत बसेल ते बोटांनी मोजतात. मग यादीत नावांच्या पुढं उभी रेघ मारून एक नवा रकाना पाडतात, त्यात ‘मुखपृष्ठ आत लावणे’ असं लिहितात आणि बाइंडरला फोन लावतात.

“दादा, या खेपेला कव्हर फेकायचे नाहीत. हो, सगळ्यांचे. मंग पुस्तकामागं किती जास्तीचे लागतीन, तेवढं सांगा.”